मुद्द्यांचा कागद

मानपत्र नावाची वस्तू सगळ्यांनी पाहिलेली असते, वाचलेली मात्र फारशी कोणी नसते. काचेच्या चौकटीत, बैठकीच्या भिंतीवर, बहुधा कॅलेंडरच्या आड ती लटकत असते. ज्याच्या नावाची असते तो ती अधूनमधून वाचतो म्हणतात, तेही घरात कोणी नसताना. मी अशी मानपत्रं चाळीस वर्षं लिहिली. पगार घेतला तो जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढण्याचा, पण गावातली मराठी माणसं मला ओळखतात ती ‘मानपत्रवाले मधुकरराव’ म्हणून. या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ म्हटलं तेव्हा त्यांच्याही मनात हेच काम होतं. नकाशांबद्दल लिहायला तशीही परवानगी नाही.

सुरुवात अक्षरामुळे झाली. आमच्या एका साहेबांना निरोप द्यायचा होता आणि ड्रॉइंग ऑफिसात माझं अक्षर सगळ्यांत चांगलं, म्हणून जाड कागद, काळी शाई आणि सोनेरी रंग माझ्या पुढ्यात आला. सोबत आलेला मजकूर इतका वाईट होता की लिहिता लिहिता मी तो बदलून टाकला. साहेब मानपत्र ऐकताना रडले. माणूस आठ वर्षं आमच्यावर डाफरला होता आणि मी त्याला ‘शिस्तीने कठोर पण अंतःकरणाने कोमल’ लिहिलं होतं. त्याला ते खरंच वाटलं. दुसऱ्या दिवसापासून दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या घराची कडी वाजायला लागली, ती आजतागायत वाजते. पुढे संगणक आले, फ्लेक्स आले, हाताने लिहिणं संपलं, पण मजकुरासाठी माणसं अजून माझ्याकडेच येतात. मराठी आणि हिंदी, दोन्हींत मी सारख्याच सफाईने खोटं बोलू शकतो.

खोटं म्हटलं, पण ते तितकं सरळ नसतं. मानपत्रात धादांत खोटं चालत नाही, कारण समोर बसलेल्यांत त्या माणसाचे शेजारी असतात. खरं घ्यायचं आणि त्याला धुऊन, इस्त्री करून उभं करायचं. तापट माणूस स्पष्टवक्ता होतो. कधीच कशात न पडणारा अजातशत्रू होतो. ज्याने घरी पाहुण्याला पाण्याखेरीज काही विचारलं नाही, त्याची राहणी साधी असते. सगळ्यांत जास्त मागणी असलेला शब्द म्हणजे ‘प्रसिद्धिपराङ्मुख’. एक कवी हा शब्द नीट पडला की नाही ते पाहायला माझ्याकडे तीन वेळा आले, आणि तिसऱ्या खेपेला वर्तमानपत्राचा फोटोग्राफर सोबत घेऊन आले.

या कामाचे काही नियम आहेत. ते कुठे लिहिलेले नाहीत, मीच घालून घेतले आणि गावाने मान्य केले. मानपत्राखाली लेखकाचं नाव नसतं. तिथे ‘आम्ही आहोत आपले’ आणि खाली मंडळ. लिहिणारा स्वतः मानपत्र वाचत नाही. ते दुसऱ्याने वाचायचं, म्हणजे सगळा गाव बोलतो आहे असं वाटतं. लिहिणाऱ्याने मागच्या रांगेत बसायचं. आणि शेवटचा नियम मुद्द्यांच्या कागदाचा.

तो बाहेरच्यांना समजावून सांगायला हवा. ज्याचा सत्कार असतो त्याला आपण म्हणतो, थोडे मुद्दे द्या, जन्मगाव, शिक्षण वगैरे. माणूस आधी हात जोडतो. माझ्याबद्दल काय लिहायचं, तुम्हीच लिहा, म्हणतो. दोन दिवसांनी पाकीट येतं. त्यात जन्मगाव एका ओळीत असतं आणि पुढे स्वतःच्या हाताने लिहिलेली स्वतःची स्तुती असते, कधी दोन पानं, कधी सहा. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही आपली जुनी रीतच आहे. मी त्याला कधी हसलो नाही. मानपत्र तयार झालं की तो कागद मी ज्याचा त्याला परत देत असे, पाकिटात घालून, त्याच्या हातात. नकाशाची जुनी प्रत परत केल्याशिवाय नवी मिळत नाही, ही आमच्या ऑफिसातली शिस्त अंगात भिनलेली. शिवाय असा कागद दुसऱ्याच्या घरात राहणं बरं नाही.

कागद परत जात, पण गोष्टी डोक्यात राहत. एक महाराज होते, नाव सांगत नाही. अहंकारावर त्यांचं प्रवचन ऐकून माणसं घरी जाऊन भावाचा हिस्सा सोडून देत, इतकं प्रभावी. त्यांच्या मानपत्रासाठी त्यांचा शिष्य आला आणि त्याने आधी विचारलं की गेल्या वर्षी दुसऱ्या एका महाराजांना दिलं ते किती लांब होतं. मी म्हटलं, असेल अडीच वीत. शिष्य गेला आणि परत आला. ‘महाराजजी कहते हैं, उन्हें तो कोई फर्क नहीं पड़ता, पर भक्तों को बुरा लगेगा.’ तीन वीत कागद कापला. त्यात ‘मानापमानाच्या पलीकडे पोहोचलेले’ ही ओळ सोनेरीत हवी होती. ती मी सोनेरीत लिहिली, आणि खरं सांगतो, ती ओळ माझ्या हातून फार सुंदर उतरली.

दुसरे एक पुढारी. त्यांचं मानपत्र चौकटीत घालून तयार होतं, सदर बाजारातल्या दुकानातून आणून मी भिंतीला टेकवून ठेवलं होतं, आणि कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ते पक्ष बदलून मोकळे झाले. कार्यकर्ता धावत आला. मजकुरात मी पक्षाचं नाव कधीच घालत नसे, ती खबरदारी पहिल्यापासून होती, पण एक शब्द अडचणीचा होता, ‘अविचल’. तो खोडावा की ठेवावा, हे विचारायला मी स्वतः गेलो. पुढारी दाढी करत होते. आरशातूनच मला म्हणाले, ‘रहने दो भैया. मैं तो वहीं खड़ा हूँ, पार्टियाँ हिल रही हैं.’ शब्द राहिला. संध्याकाळी नव्या पक्षाच्या लोकांनी त्या शब्दाला जास्त टाळ्या दिल्या.

या गोष्टी मी एकाच माणसाला सांगत असे, आणि इथून माझं खरं दुखणं सुरू होतं.

दिवाकर माझ्या शेजारच्या टेबलावर नकाशे काढायचा. आम्ही एकाच आठवड्यात नोकरीला लागलो. दोघांचीही मुळं विदर्भातली, त्यामुळे लगेच जमलं. चहाच्या सुट्टीत मी गोष्ट सांगायचो, तो हसून हसून बेजार व्हायचा, आणि महिन्याभराने ती नागपूरच्या मासिकात छापून यायची. नावं बदललेली, गाव बदललेलं, पण तीन वितींचा कागद तोच आणि दाढी करणारा पुढारीही तोच. मी सांगितलेल्यापेक्षा ती चांगली असायची. हे कबूल करायला मला तीस वर्षं लागली. माझ्या तोंडी जो नुसता किस्सा होता, त्याला तो धार लावायचा, आणि शेवटी एक वाक्य असं टाकायचा की वाचणाऱ्याला स्वतःच्याच घरातलं काहीतरी आठवावं.

ढोंग हा त्याचा विषय झाला. साहित्यातलं ढोंग, धर्मातलं ढोंग, राजकारणातलं ढोंग. लोक त्याला निर्भीड म्हणायला लागले. मुंबई-पुण्याकडून पत्रं यायची, ती तो मला वाचून दाखवायचा, आणि मी ‘वा’ म्हणायचो. आयजीच्या जिवावर बायजी उदार, असं मनात म्हणायचो. रात्री जेवताना बायको विचारायची, आज भात काहून राहिला पानात? मी सांगायचो, पोट बरं नाही. ते खोटं नव्हतं.

मत्सर म्हणजे काय, ते मला नीट माहीत आहे. दिवाकरचं वाईट व्हावं असं मला कधी वाटलं नाही. त्याच्या मुलाच्या आजारपणात मी पंधरा दिवस दवाखान्यात डबा पोहोचवला. फक्त त्याला जे मिळालं ते माझं होतं, असं वाटत राहायचं. पुढाऱ्याच्या घरी मी गेलो होतो. आरशातला तो चेहरा मी पाहिला होता. आणि त्याच्या भाषणांना सभागृहात उठून उभं राहून लोक टाळ्या वाजवायचे ते अशा माणसासाठी, ज्याने एकाही ढोंग्याच्या घराची पायरी चढली नव्हती. मी मागच्या रांगेत बसून त्याच टाळ्या वाजवायचो.

मग त्याने ‘भाट’ नावाचा लेख लिहिला. त्यात एक मानपत्रं लिहिणारा होता, चांगल्या अक्षराचा, मवाळ, सगळ्यांना हवाहवासा. लेखाच्या शेवटी दिवाकरने लिहिलं होतं की राजा ढोंगी असतो, पण भाट त्याच्याहून ढोंगी, कारण राजाला आपल्याबद्दल गैरसमज असतो आणि भाटाला सगळं ठाऊक असतं. ऑफिसात सगळ्यांनी तो वाचला. त्या दिवशी मला दोन जणांनी चहा पाजला. दिवाकरने विचारलं, कसा वाटला? मी म्हटलं, छान उतरलाय. आणि पुढच्या आठवड्यात मी त्याला नवी गोष्ट सांगितली.  बहुतेक माझ्या गोष्टी दुसरं कोणी इतक्या मन लावून ऐकत नव्हतं म्हणून.

आम्ही दोघं निवृत्त झालो. तो अधारतालला घर बांधून गेला, मी दीक्षितपुऱ्यातच राहिलो. गेल्या वर्षी त्याला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती, आणि मराठी मंडळाने त्याचा सत्कार ठरवला. मंडळाची चिटणीस वंदना, तिशी-पस्तिशीची, बँकेत आहे. ती घरी आली आणि म्हणाली, ‘काका, मानपत्र तर आपकोच लिहायचं आहे ना. दुसरं कोण लिहिणार?’ मी हो म्हटलं. आतून मला आनंद झाला होता आणि तो चांगल्या जातीचा नव्हता. शाल-श्रीफळाच्या बाजारावर दिवाकरचे निदान चार लेख आहेत. आपण असल्या बाजारात कधी उभे राहणार नाही, असं त्याने छापून ठेवलेलं आहे. त्याने होकार दिला, हे कळल्यावर मला दोन दिवस छान भूक लागली.

मी त्याला फोन करून मुद्दे मागितले. तो हसला. ‘मला काहून मुद्दे मागून राहिला बे? तुला काय माहीत नाही माझं?’ मी म्हटलं, रीत आहे. अच्छा, म्हणाला, आणि फोन ठेवला.

चौथ्या दिवशी पाकीट आलं. आत चार पानं होती, त्याच्या त्या ड्रॉइंग ऑफिसातल्या तिरप्या, रेखीव अक्षरात. ‘सन्मान-सत्कारांपासून आयुष्यभर दूर राहिलेले.’ ‘ढोंगाचे कर्दनकाळ.’ ‘निःस्पृह’ हा शब्द दोनदा आला होता. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तोपर्यंत मला हसूच येत होतं. शेवटच्या पानावर एक ओळ होती आणि तिच्याखाली रेघ मारलेली होती: ‘आपल्या लेखनाची सर्व सामग्री त्यांनी केवळ स्वतःच्या सूक्ष्म निरीक्षणातून मिळवली.’

मी कागद घडी करून ठेवला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.  चाळीस वर्षं मी या माणसाला खाऊ घातलं होतं, आणि तो आता मला सांगत होता की माझ्याच हाताने लिहून दे, मी कोणाच्या घरचं जेवलो नाही.

मी मानपत्र लिहिलं, आणि अगदी त्याच्या मुद्द्यांबरहुकूम लिहिलं. ती ओळही घातली. पण कागद परत केला नाही. आणि वंदनाला कळवलं की या वेळी मानपत्र मी स्वतः वाचणार आहे. तिला फार आनंद झाला. जुने मित्र, किती छान, म्हणाली. माझा बेत साधा होता. मानपत्र वाचायचं, त्या ओळीपाशी थांबायचं, खिशातून चार पानं काढायची आणि म्हणायचं की हा मजकूर सत्कारमूर्तींनी स्वहस्ते लिहून दिलेला आहे, अक्षर ओळखणारे इथे पुष्कळ आहेत. त्याने आयुष्यभर जे इतरांचं केलं, तेच एकदा त्याचं करायचं. मी स्वतःला बजावलं की यात सूड नाही, न्याय आहे. मत्सरी माणसाला हा शब्द फार लवकर सापडतो.

सुमनने, माझ्या बायकोने, मला आरशासमोर सदरा घालताना पाहिलं आणि खिशातला कागदही पाहिला. कागद कशाचा, ते तिला माहीत होतं. आठ दिवस मी घरात दुसरं बोललोच नव्हतो.

‘चाळीस वर्षांत कोणाचा कागद बाहेर नाही काढला तुम्ही,’ ती म्हणाली. ‘लफंग्यांचे नाही काढले. आज दोस्ताचा काढून राहिले. मंदावहिनी समोरच बसून राहीन ना तिथे.’

मंदावहिनी म्हणजे दिवाकरची बायको.  सुमनचे गुडघे दुखतात म्हणून ती कार्यक्रमाला येणार नव्हती, आणि त्या दिवशी मला त्याचं बरं वाटलं.

रविवारची सकाळ होती. सभागृह भरलेलं. फॅक्टरीतले जुने लोक, रेल्वेतले, त्यांची मुलं, आणि ज्यांना मराठी समजतं पण बोलताना हिंदीत घसरतात अशी नातवंडं. व्यासपीठावर दिवाकर, अध्यक्ष, वंदना आणि मी. मागच्या रांगेची सवय, त्यामुळे इतके चेहरे समोरून पाहण्याची पहिलीच वेळ. दिवाकर खंगला होता. त्याचा सदरा खांद्यांवरून सुटल्यासारखा दिसत होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खिशाकडे, मग समोर.

शाल घालून झाली, नारळ झाला, संगमरवराची मूर्ती झाली. वंदनाने जाहीर केलं की आता मधुकरकाका मानपत्र वाचतील. मी उठलो. तेवढ्यात दिवाकर उठला आणि म्हणाला, आधी मला दोन मिनिटं बोलू द्या. अशी रीत नाही, सत्कारमूर्ती शेवटी बोलतो, पण त्याला कोण अडवणार? त्याने माईक हातात घेतला.

तो म्हणाला की आता जे मानपत्र तुम्ही ऐकणार आहात, त्याचे मुद्दे मी स्वतः लिहून दिले आहेत. चार पानं. त्यात मी स्वतःला दोन वेळा निःस्पृह म्हटलं आहे. लोक हसले. तो पुढे म्हणाला, हसू नका, सगळेच देतात, मी आयुष्यभर त्यांना हसलो आणि माझी वेळ आली तेव्हा रात्रभर बसून मीही लिहिलं. मग तो माझ्याकडे वळला.

‘आणि एक ओळ मी धडधडीत खोटी लिहिली. माझ्या सगळ्या गोष्टी या मधूच्या आहेत. चहाच्या टेबलावर यानेच सांगितल्या. मी फक्त लिहिलं. याने चाळीस वर्षं माणसांचे कागद सांभाळले, कोणाला दाखवले नाहीत. माझाही आहे याच्याजवळ. पाहून घ्या, आजही दाखवणार नाही.’

 सभागृहात टाळ्या सुरू झाल्या आणि त्या थांबेनात. माणसं उठून उभी राहिली. ‘काय माणूस आहे,’ असं पहिल्या रांगेतलं कोणीतरी म्हणालं, आणि ते दिवाकरबद्दल म्हणालं. स्वतःच्या ढोंगाची कबुली देऊन तो आणखी मोठा झाला होता. मी ज्या वाक्यासाठी आठ दिवस उपाशी होतो, ते वाक्य त्याने स्वतःच उच्चारलं, आणि तेही माझ्यापेक्षा चांगलं. मला हवं होतं ते सगळं मला मिळालं होतं, पण त्याच्या हातून, त्याच्या मोठेपणातून. माझ्या आत काय चाललं होतं, त्याला कृतज्ञता म्हणता येणार नाही.

त्याने स्वतःच्या खांद्यावरची शाल काढली आणि माझ्या खांद्यावर घातली. घालताना तो जवळ आला, टाळ्यांत कोणाला ऐकू जाणार नाही इतका जवळ, आणि पुटपुटला, ‘कागद खिशातच राहू दे, मधू. तू कधी वाचत नाहीस. वाचतो म्हणालास तेव्हाच मला समजलं.’

त्याचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो थरथरत होता. म्हणजे त्याची निर्भीड कबुली भीतीतून आलेली होती. हे त्या सभागृहात फक्त मला कळलं होतं, आणि मी ते सांगू शकत नव्हतो, कारण सांगायचं तर माझ्या खिशात काय होतं तेही सांगावं लागलं असतं. मी हात जोडले. पुढे वाकलो. चाळीस वर्षं मी ज्यांच्यासाठी लिहिलं, त्यांना अशा वेळी काय वाटत असेल याचा मी नेहमी विचार करायचो. आता कळलं. खोटं आहे हे माहीत असतं आणि तरीही फार गोड लागतं.

मग मी मानपत्र वाचलं. ‘केवळ स्वतःच्या सूक्ष्म निरीक्षणातून’ ही ओळ आली तेव्हा सभागृह खदखदून हसलं. लोकांना वाटलं, आमचं दोघांचं आधीच ठरलेलं. मंदावहिनी डोळे पुसत हसत होत्या. नंतर वंदनाचा मुलगा आणि आणखी दोघी माझ्या पाया पडल्या. मी त्यांना आशीर्वाद दिला.

दुपारी घरी आलो तेव्हा सुमन दारातच उभी होती. तिने शाल पाहिली, पण आधी विचारलं, ‘वाचला?’

मी म्हटलं, ‘नाही. मन झालं नाही.’

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांत कधी म्हटलं नव्हतं ते म्हणाली, की मला ठाऊक होतं, तुम्ही तसे नाही. मग ती आत जाऊन गरम पोळ्या करायला लागली. खरं काय झालं ते तिला मी तिथेच सांगू शकलो असतो. पोळ्या वाढून होईपर्यंत तसे तीन-चार प्रसंग आले. मी जेवलो. भात टाकला नाही.

याला आता एक वर्ष होत आलं. दिवाकर आणि मी फोनवर बोलतो, त्या कागदाचा विषय दोघंही काढत नाही. मध्यंतरी त्याने सांगितलं की याच अंकाच्या संपादकांनी त्यालाही लेख मागितला आहे, आणि सत्काराच्या दिवसाबद्दल काही लिहावं असं मनात घोळून राहिलं आहे. ते ऐकल्याबरोबर मी हा लेख लिहायला बसलो. वाचकांना वाटेल, म्हाताऱ्याला पश्चात्ताप झाला. झालाही असेल. पण घाई झाली ती दुसऱ्याच कारणाने. ही एक गोष्ट तरी त्याच्याआधी माझ्या नावावर छापून यायला हवी होती, आणि या वेळी मी ती चहाच्या टेबलावर कोणाला सांगितली नाही.

पाठवण्याआधी पानं सुमनला वाचायला दिली, कारण अंक घरी आला की ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, आणि तेव्हा एकटीने वाचण्यापेक्षा आता मी जवळपास असताना वाचलेलं बरं. ती स्वयंपाकघरात बसून सावकाश वाचत होती. मी बाहेर ओट्यावर होतो. बऱ्याच वेळाने ती आली, पानं माझ्या मांडीवर ठेवली आणि चष्मा काढला. ती रागावेल असं वाटलं होतं. रागावली नाही.

‘पाठवा,’ म्हणाली. ‘पण शाल त्यांची त्यांना परत देऊन या.’

या चार ओळी जोडून लेख आज पाठवतो आहे. शाल अजून माझ्या कपाटात आहे.